स्लीप तीनशे

माझ्याबद्दल बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात एकमत आहे. पोरगा हुशार होता, पुण्याच्या कंपनीत लागला, करोनात घरी आला तो परत गेलाच नाही. आता दिवसभर खिडकीत लॅपटॉप उघडून काळ्या पडद्याकडे बघत बसतो. बोटं चालत नाहीत, तोंड चालत नाही, अधूनमधून सुस्कारा तेवढा ऐकू येतो. शेजारचे अण्णा नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणजे काम कशाला म्हणतात हे त्यांना माहीत आहे. एकदा माझ्या मागे उभं राहून त्यांनी बराच वेळ पाहणी केली.

“काम केव्हा सुरू होतं तुझं?”

“सुरूच आहे, अण्णा.”

“हे?”

“वाट बघतोय. राउटर उठायची.”

अण्णांनी कोपऱ्यातल्या हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या डबीकडे पाहिलं. “तो तर उठलेला दिसतो.”

“तो नाही, दुसरा. तो पुण्यात आहे. म्हणजे तसा तिथंही नाही. खरं सांगायचं तर तो नाहीच.”

अण्णा चष्मा पुसत निघून गेले आणि संध्याकाळी आईला म्हणाले, “वहिनी, पोराचं लग्नाचं बघा आता.”

अण्णांना जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगून बघतो. इंटरनेट ज्यांच्या जिवावर चालतं ते राउटर आपल्या घरातल्या डबीएवढे नसतात. कपाटाएवढे असतात, किंमतही लाखांत असते. त्यांच्यावर चालणारं सॉफ्टवेअर तपासायला प्रत्येकानं कपाटं विकत घ्यायची म्हटलं तर कंपनी विकावी लागेल. म्हणून बनवणारे तेच सॉफ्टवेअर एका फाइलीत घालून देतात. ती फाइल एखाद्या सर्व्हरवर सुरू केली की तिला आपण कपाटच आहोत असं वाटू लागतं. हा झाला आभासी राउटर. असे पाच-दहा उभे करायचे, त्यांच्यात नसलेल्या केबली जोडायच्या, त्यांना कामाला लावायचं, पॅकेट इकडून तिकडे जातं का ते बघायचं आणि सगळं मोडून टाकायचं. हे रोज रात्री आपोआप व्हावं, कुणी बघायची गरज पडू नये, यासाठी ही व्यवस्था आहे. कुणी बघायची गरज नसलेल्या त्या व्यवस्थेकडे बघत बसण्याचा मला पगार मिळतो.

आता गंमत अशी की कपाट खोटं असलं तरी उठायला वेळ खऱ्याइतकाच लागतो. हलक्या जातीचे मिनिटभरात येतात. जडांना दहा मिनिटंही पुरत नाहीत. त्यातून ज्या सर्व्हरवर चालवायचं तो स्वतःच आभासी असला आणि त्याला हार्डवेअरची मदत मिळाली नाही, तर तुम्ही जेवून या, भांडी घासून या, मग बघू. आधी तो आपली मेमरी तपासतो, नसलेल्या लाइनकार्डांची चौकशी करतो, लायसन्सवरून कुरकुर करतो. व्हीएमएक्स नावाच्या राउटरमध्ये तर दोन यंत्रं असतात, एक विचार करणारं आणि एक पॅकेट पुढं ढकलणारं. विचार करणारं आधी उठतं. लॉगिन देतं, आवृत्ती विचारली तर ऐटीत सांगतं. मग त्याला विचारावं, “बाबा, पोर्ट किती?” तर एकही नाही, कारण ढकलणारं अजून यायचंय. अशी कार्यालयं तुम्हीही पाहिली असतील.

माणूस समोर बसलेला असेल तर एवढ्यानं काही बिघडत नाही. तो पडद्याकडे बघतो, शिव्या देतो, थांबतो. पण इथं समोर बसलेली असते स्क्रिप्ट, आणि तिला अक्कल तेवढीच, जेवढी आदल्या दिवशी संध्याकाळी लिहिणाऱ्याकडे उरलेली होती. राउटरचा कन्सोल म्हणतो, सुरुवात करायला रिटर्न दाबा. स्क्रिप्ट आज्ञाधारकपणे रिटर्न दाबते. राउटर प्रॉम्प्ट देतो, म्हणजे नाव आणि पुढे एक चिन्ह. स्क्रिप्ट त्याकडे बघणार, तेवढ्यात राउटरला आठवतं की आपला अमुक इंटरफेस नुकताच वर आला, आणि ती आनंदवार्ता तो त्याच ओळीवर, प्रॉम्प्टच्या अंगावर छापतो. ओळीच्या शेवटी चिन्ह दिसलं तरच प्रॉम्प्ट, असं स्क्रिप्टला शिकवलेलं. ओळीच्या शेवटी आता ‘अप’ असा शब्द आहे. म्हणजे राउटर सांगतोय मी उठलो, आणि त्यानं ते सांगितल्यामुळेच स्क्रिप्टला तो उठलेला दिसत नाही. दोघं समोरासमोर बसून राहतात. मी तिसरा.

कन्सोलचा नाद सोडून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, जावं तर तिथं वेगळंच नाटक. आभासी राउटर बहुतेक वेळा क्यूएमू नावाच्या यंत्राच्या पोटात असतो. बाहेरच्या पोर्टवर आलेला माणूस आतल्या पोर्टपर्यंत नेऊन सोडायचं काम क्यूएमू करतो. आत राउटर उठला आहे की घोरतो आहे याच्याशी बाहेरच्या दाराला कर्तव्य नसतं. तुम्ही कडी वाजवली की दार लगेच उघडतं. या, बसा. तुम्ही खूश होऊन आत शिरता आणि कुणी बोलतच नाही. पायथनमधली पॅरामिको नावाची लायब्ररी अशा वेळी समोरच्यानं आपली ओळख सांगावी म्हणून पंधरा सेकंद थांबते, आणि मग रागावून सांगते की बॅनर वाचता आला नाही. त्यामुळे ‘पोर्ट उघडा आहे का’ या प्रश्नाचं उत्तर कायम ‘हो’ असतं, पहिल्या सेकंदापासून. असल्या ‘हो’वर विसंबून आमच्या एका चाचणीनं रात्रभरात प्रत्येक राउटर निकामी असल्याचा निकाल दिला होता. सकाळी पाहिलं तर सगळे ठणठणीत होते, कुणाची तरी वाट बघत बसले होते.

या सगळ्यावर जगभरच्या इंजिनिअरांनी शोधलेला उपाय म्हणजे स्लीप. टाइम डॉट स्लीप, कंसात आकडा. तेवढे सेकंद काही करायचं नाही, काही विचारायचं नाही, झोपायचं. आमच्या प्रकल्पात ही ओळ एका फाइलीत होती आणि तिच्या डोक्यावर वेगवेगळ्या हातांच्या टिपा होत्या. सगळ्यांत जुनी म्हणायची: राउटर उठेपर्यंत थांबा, ६०. तिच्याखाली: ६० पुरत नाहीत, सोमवारी पडतं, १२० केले. तिच्याखाली: १८०, तात्पुरतं. आणि शेवटी, बाकी काही न सांगता: ३००. हात लावू नका.

सोमवारीच का पडतं हे कुणी लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. तात्पुरतं म्हणणारा नोकरी सोडून गेला, तात्पुरतं राहिलं. मी एकदा मीटिंगमध्ये विषय काढला.

“तीनशे का आहे हे?” साहेबांनी विचारलं.

“सर, दोनशे चाळीसला कधी कधी पडतं.”

“आणि तीनशेला पडत नाही?”

“पडतं. पण कमी.”

साहेब विचारात पडले. “मग तीनशे साठ करा.”

या आकड्याचा स्वभाव असा की तो वाढतो, उतरत नाही. वाढवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, उलट त्यानं रात्रीची चाचणी वाचवली म्हणून ग्रुपवर अंगठे येतात. कमी करणाऱ्याच्या माथी मात्र पुढचे सहा महिने प्रत्येक अपयश मारलं जातं, मग ते डेटाबेसचं असो नाहीतर कॅन्टीनचं. शिवाय आकड्यात प्रत्येकाचा वाटा असतो. ज्युनिअर अंदाज बांधतो नव्वद सेकंदांचा आणि लिहितो एकशे वीस, उगाच बोलणी नकोत. सीनिअर त्यावर आपला अनुभव घालतो, तो साठ सेकंदांचा असतो. अशा चाळीस चाचण्या धरा, प्रत्येकीच्या सुरुवातीला तीनशे. दोनशे मिनिटं झाली. म्हणजे रोज रात्री तीन तास वीस मिनिटं एक भारी सर्व्हर, वीज खात, पंखे फिरवत, काहीही न करता झोपलेला असतो. त्यातले बहुतेक राउटर दीड मिनिटातच उठून बसलेले असतात.

आमच्या एका उत्साही सहकाऱ्याला हे सहन होईना. त्यानं झोप काढून टाकली आणि त्या जागी भुणभुण लावली. दर सेकंदाला लॉगिन करून बघायचं: उठलास? उठलास? उठलास? कल्पना वाईट नव्हती. पण राउटर उठताना आधी एसएसएच सुरू करतो आणि युजरचं नाव असलेली कॉन्फिगरेशन मागाहून लागू होते. मधल्या काळात पासवर्ड बरोबर असूनही तो म्हणतो, तुम्हाला ओळखलं नाही. बऱ्याच राउटरांत अशीही सोय असते की थोड्या वेळात फार वेळा चुकीचं लॉगिन झालं तर काही काळ दार सगळ्यांनाच बंद. चोरांसाठीच आहे ती, चांगली आहे. फक्त इथं चोर आम्हीच ठरलो. कॉन्फिगरेशन लागू झाली, राउटर पूर्ण जागा झाला, आणि जागा झाल्याबरोबर त्यानं पहिलं काम केलं ते आम्हाला बाहेर ठेवण्याचं. सहकारी म्हणाला, “म्हणजे चाललं ना? सिक्युरिटी टेस्ट पास!”

मग वडीलधारे एक पद्धत काढतात: दोन प्रयत्नांमधलं अंतर दुप्पट करत जा. ही युक्ती जुनी आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि मंडळींनी १९७१ साली अलोहानेट सुरू केलं तेव्हा बेटाबेटांवरचे संगणक एकाच रेडिओ लहरीवर बोलायचे. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जायचं, म्हणून मग ज्यानं त्यानं मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा बोलायचं. त्यावरूनच मेटकाफ आणि बॉग्ज यांच्या इथरनेटनं हे थांबणं शिस्तीत बसवलं. टक्कर झाली की थांबायची मर्यादा दुप्पट, पुन्हा झाली की पुन्हा दुप्पट, आणि सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडायचा. सुरेख आहे. पण राउटरच्या दारात ही युक्ती जशीच्या तशी वापरली की काय होतं? एक सेकंद, दोन, चार, आठ, असं करत आपण एकशे अठ्ठावीसपर्यंत येतो, विचारतो, उत्तर येत नाही. आता दोनशे छप्पन सेकंदांची झोप. ती लागते न लागते तोच राउटर उठतो आणि पुढची चार मिनिटं आपल्याकडे बघत बसतो. तेव्हा दुप्पट करा, पण वर एक छत घाला. दहा-पंधरा सेकंदांच्या पुढं जाऊ नका.

वाट बघण्याच्या बाबतीत आमच्या बुऱ्हाणपूरला शिकवायला कुणी जाऊ नये. इथून वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. सन १६०० मध्ये अकबर बादशहा स्वारी घेऊन आला तेव्हा बुऱ्हाणपूर शहर त्याला लढाईशिवायच मिळालं. म्हणजे पोर्ट उघडा होता. गडानं मात्र प्रॉम्प्ट दिला नाही. जगातल्या तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य माणसांपैकी एक इथं वेढा घालून थांबला. गडाचा धनी बहादूरशाह फारुकी बोलणी करायला खाली उतरला, त्याला ठेवून घेतलं, तरी गड उघडेना. युजर हातात, सेशन नाही. शेवटी १६०१ च्या जानेवारीत दरवाजे उघडले. ते सोन्याच्या किल्ल्यांनी उघडले, असं अजून लोक म्हणतात. आमच्या धंद्यात ती सोय नाही. राउटर पैसे खात नाही, मेमरी खातो.

अकबरापुढे नव्हती ती एक अडचण मात्र माझ्यापुढे आहे. लाइट जाते. सर्व्हर पुण्यात सुखरूप असतो, पण माझ्या घरातली ती हिरव्या दिव्यांची डबी मरते. लाइट परत आली की तीही उठायला लागते: आधी एकच दिवा, मग दोन, मग सगळे विझतात, मग पुन्हा एक. आभासी राउटर उठायची वाट मी बघतोय, ते बघता यावं म्हणून खरा राउटर उठायची वाट बघतोय, आणि बाहेर लाइट आल्याबरोबर गल्लीतले पॉवरलूम खडखडू लागलेत, त्यांना कसलंही बूटिंग लागत नाही. आई स्वयंपाकघरातून विचारते,

“उठला का रे तुझा?”

“कोणता, आई?”

“जो आधी उठेल तो. जेवायला घेऊ ना?”

एवढं होऊन राउटर उठला, बोलला, पोर्टही दिसले, तरी चाचणी पडूच शकते. कारण अजून त्याची शेजाऱ्यांशी ओळख झालेली नसते. ओएसपीएफ नावाच्या प्रोटोकॉलमध्ये राउटर दर दहा सेकंदांनी हॅलो म्हणतो आणि अनेक राउटर एका सामायिक गल्लीत असतील तर मुख्य राउटर कोण, उपमुख्य कोण हे ठरवण्याआधी चाळीस सेकंद नुसता अंदाज घेत थांबतो. मग एकमेकांकडची सगळी माहिती जुळवली जाते आणि तेव्हा कुठं पूर्ण ओळख झाली असं जाहीर होतं. आमच्या इतवाऱ्यात चाळीस सेकंद म्हणजे फार झाले. नवा भाडेकरू टेम्पोतून उतरतो, गादी अजून खाली यायची असते, तोवर कुठून आले, कुणाकडचे, शाकाहारी का, हे झालेलं असतं. दुसरी गादी उतरेपर्यंत रावेरमार्गे भुसावळपर्यंतचे नातेवाईक जुळतात. डेटाबेस पूर्ण. मुख्य कोण याची निवडणूक इथं होत नाही, ते पद अण्णांकडे आहे. आणि ओएसपीएफचा नियमही नेमका तसाच आहे: एकदा मुख्य झाला की नंतर गल्लीत कितीही मोठा आला तरी जुना हयात असेपर्यंत खुर्ची सोडत नाही. हा नियम मी अण्णांना सांगितला तेव्हा माझ्या कामाबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटला.

तर मग करायचं काय? खरं तर उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणाला आवडत नाही. जे हवं तेच विचारायचं. पोर्ट उघडा आहे का हे विचारायचं नाही, आत जाऊन आवृत्ती विचारायची आणि उत्तर येतं का ते बघायचं. पॅकेट पाठवायचं असेल तर पोर्ट वर आले का हे विचारायचं, मार्ग तपासायचा असेल तर शेजाऱ्याशी ओळख पूर्ण झाली का हे. विचारायचं तेही थोडं थांबून थांबून, आणि एकूण मुदत ठरवून. मुदत संपली तर नुसतं ‘टाइमआउट’ म्हणून हात झटकायचे नाहीत, कोणत्या पायरीवर अडला ते लिहायचं: बॅनर आला नाही, की लॉगिन झालं नाही, की पोर्ट आले नाहीत. यातलं बरंच काम फुकटात झालेलंही मिळतं. व्हीआरनेटलॅब हा मुक्त प्रकल्प राउटरला डॉकर कंटेनरात बसवतो, आत स्वतःच कन्सोलवर पहारा देतो, रिटर्न दाबतो, युजर तयार करतो, आणि सगळं झाल्यावरच बाहेर ‘हेल्दी’ अशी पाटी लावतो. असे कंटेनर एकमेकांना जोडून उभे करणाऱ्या कंटेनरलॅबला सांगून ठेवलं की ती पाटी लागेपर्यंत ते पुढच्याला उठवत नाही. आणि ज्यांना जमेल त्यांनी रोज चाळीस वेळा कपाट उठवू नये. एकदा उठवावं आणि त्यावर चाळीसही चाचण्या कराव्यात.

हे सगळं आम्ही केलं. तीनशेची ओळ काढली, तिच्या डोक्यावरच्या टिपा काढल्या, प्रत्येक पायरीला नीट प्रश्न लिहिले. रात्रीची चाचणी पहाटेऐवजी बाराच्या आत संपू लागली. मग माझा बदल तपासणीला गेला. वरिष्ठांनी ओळ न् ओळ वाचली, कौतुक केलं, मंजूर केला, आणि मंजूर करताना शेवटी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: स्लीप, कंसात तीस. शेजारी टीप: सुरक्षिततेसाठी.

“सर, हे कशासाठी थांबायचं?”

“तसं कशासाठीच नाही. पण असू दे.”

ती ओळ आजही आहे. गेल्या आठवड्यात कुणी तरी तिचे साठ केले, कारण सोमवारी पडतं.

तेव्हा वाचकांत कुणी आमच्या धंद्यातलं असेल तर एवढीच विनंती: स्लीप लिहायचा तर खुशाल लिहा, आम्ही कुठं अडवणारे? फक्त शेजारी नेमकं कशाची वाट बघताय ते एका ओळीत लिहून ठेवा. आणि सोमवारी का पडतं हे कुणाला माहीत असेल तर कळवा. इतवाऱ्यात येऊन अण्णांचं नाव घेतलंत की घर कुणीही दाखवेल.